आर्सेनची लंगडी

“पण मी चुकले कुठे, तेवढं तरी सांगा.”

सेलेस्तची बोटं पट्ट्यांवरून उठतात न उठतात, तोच प्रोफेसर आर्सेननं पियानोचं झाकण लावून टाकलं होतं.

“कुठं अडखळले का?”

“नाही.”

“भलतीच पट्टी लागली?”

“नाही.”

“मग?”

“…चुकण्यासारखं काही नव्हतंच त्यात.”

ही शाबासकी होती की चपराक, ते सेलेस्तला कळेना. तिनं मांडीवर हात घेतले. आत कोपऱ्यात, कपड्यांच्या टोपलीत निजलेली नीना कुसमुसली आणि परत झोपली.

ही गोष्ट न्यू ऑर्लिन्स शहरातली. शंभर वर्षं उलटून गेली तिला. तिथं आगगाडीच्या स्टेशनालगत एक वस्ती होती. शरीराचा धंदा करायचा तो एवढ्याच गल्ल्यांत, असं म्हणून शहराच्या कारभाऱ्यांनीच तिला रेघ मारून दिली होती. रेघेच्या आत घरोघरी दिवे, आरसे आणि एकेक दिवाणखाना. दिवाणखान्यात पियानो. आणि पियानोच्या भोवती एक उंच लाकडी आडोसा.

आडोसा अशासाठी, की गावातली बडी माणसं तिथं यायची. वाजवणाऱ्यानं त्यांची तोंडं बघू नयेत. त्यानं भिंतीकडे तोंड करून वाजवत राहावं.

वाजवणाऱ्याला मात्र म्हणायचे प्रोफेसर. शाळेचा उंबरा ओलांडलेला नसला तरी प्रोफेसर.

या आडोशांच्या मागं तेव्हा काहीतरी नवंच शिजत होतं. चर्चमधली भजनं, मिरवणुकीतला बँड, मळ्यात राबणाऱ्यांच्या हाका, सगळं एकाच पातेल्यात पडलेलं. त्याला अजून धड नावसुद्धा नव्हतं. पुढं जगानं त्याला जॅझ म्हटलं.

आर्सेन म्हातारा झाला होता. बोटांची पेरं सुजलेली, आल्याच्या गड्ड्यासारखी. आता खुर्ची सोडायची वेळ आली होती. आणि त्या घरचा रिवाज असा, की खुर्ची कुणाला द्यायची ते जाणाऱ्या प्रोफेसरनं सांगायचं. मालकीण, तिला सगळे मादाम म्हणत, ती एरवी कुणाचं ऐकायची नाही. पण एवढं एक मानायची.

सेलेस्तला ती खुर्ची हवी होती.

हौस म्हणून नव्हे. तिचा नवरा धक्क्यावर कापसाचे गठ्ठे चढवायचा. एक दिवस गठ्ठ्याखालीच गेला. नीना तेव्हा पोटात होती. तेव्हापासून सेलेस्त या घरात कपडे धूत होती आणि मागच्या खोलीत राहत होती. आता मादामनं ठरवलं होतं की धुणं बाहेर द्यायचं. घरी आग पेटवून पाणी तापवत बसण्याचे दिवस गेले म्हणे. मग सेलेस्तनं काय करायचं? मादामनं सरळ सांगितलं होतं, की पियानोमागं बसता आलं तर बस, नाही तर दिवाणखान्यात उतर. तिसरी जागा माझ्या घरात नाही.

दिवाणखान्यात उतरायचं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला फोड करून सांगावं लागत नव्हतं.

बाहेर जावं, तर अंगावर पिणारं लेकरू. आणि या वस्तीतली बाई म्हटलं की रेघेपलीकडची दारं आपोआप लागायची.

सेलेस्तनं मनाशी गाठ मारली होती. आपण त्या दिवाणखान्यात उतरायचं नाही. आणि नीनानं तर मोठी होऊन त्याचा जिनासुद्धा बघायचा नाही. खुर्ची घ्यायचीच.

आणि का नाही मिळणार? लहानपणी चर्चच्या जोगिणींच्या शाळेत तिची बोटं पियानोवर बसली होती. पुढं मागच्या अंगणात कपडे घासता घासता आर्सेनचं वाजवणं रोज कानावर. धुण्याच्या खरबरीत फळीवर ती बोटं नाचवायची. साबणाच्या फेसात त्याची एकूण एक चाल तिनं गिरवली होती. प्रोफेसरकडं आहे ते सगळं माझ्याकडं आहे, असं ती उघड म्हणायची. दिवाणखान्यातल्या पोरी हसायच्या. धोबीघाटाची प्रोफेसर आली गं, सरका, असं म्हणून तिला वाट करून द्यायच्या. ती मान ताठ ठेवून जायची.

कारण तिला आर्सेनची लंगडीही येत होती.

ही लंगडी वस्तीभर गाजलेली. चाल सरळ चालली असायची, आणि दुसऱ्या फेरीच्या वळणावर म्हाताऱ्याचं वाजवणं एकदम लंगडायचं. एक ठोका मागं राहायचा, पुढचा घाईनं येऊन त्याला सावरायचा, परत एक मागं. पोरं लंगडी घालतात ना, तसं. ऐकणाऱ्याचं काळीज तेवढ्यापुरतं अधांतरी.

दुसऱ्या घरांचे प्रोफेसर ती चोरायला यायचे. एक जण तर टोपी डोळ्यांवर ओढून खिडकीखाली इतका वेळ उभा राहिला, की शिपायानं त्याला चोर समजून हाकललं. ही लंगडी आली कुठून, यावर पैजा लागायच्या. कुणी म्हणे हवानाच्या खलाशानं शिकवली. कुणी म्हणे जादूटोणा. घरातल्या पोरी म्हणायच्या, काही नाही, म्हाताऱ्याचा एक बूट घट्ट आहे.

आर्सेन कुणालाच काही सांगायचा नाही.

आता झाकण लावून तो खिडकीतून बाहेर बघत बसला होता. सेलेस्तला राहवेना.

“लंगडी बरोबर जागी घेतली ना मी?”

“दुसऱ्या फेरीला. वळणावर.”

“तुम्ही घेता तिथंच.”

“हो… तिथंच.”

“मग?”

“खोलीत कोण होतं, पोरी?”

“तुम्ही. मी. नीना.”

“नाचत कोण होतं?”

“भर दुपारी कोण नाचणार, प्रोफेसर?”

“…मग लंगडत कोण होतं?”

सेलेस्तच्या कपाळावर आठी चढली. त्या शहरातले कॉर्नेट, म्हणजे आखूड कर्णा, वाजवणारे बोटांवर रुमाल टाकून वाजवत. आपली बोटं दुसऱ्यानं बघू नयेत, विद्या चोरू नये, म्हणून. तिला वाटलं, म्हातारा तेच करतोय. शब्दांचा रुमाल टाकतोय.

ती तसं बोललीही. म्हणाली, द्यायची नसेल खुर्ची तर तसं सांगा, मी काही पाया पडायला आलेली नाही.

आर्सेन उठला. टोपलीपाशी जाऊन त्यानं निजलेल्या नीनाकडं वाकून बघितलं.

“संध्याकाळी तू बस,” तो म्हणाला. “हिला मी सांभाळतो. स्वयंपाकघरात असेन.”

आणि गेला.

संध्याकाळ होता होता फिलोमेन मागच्या खोलीत आली. ही त्या घरातली सगळ्यात जुनी नाचणारी. तोंडानं फटकळ, पण नीनासाठी रोज काहीतरी खाऊ झग्यात लपवून आणणारी. जिन्यावरून पडून तिचा घोटा मोडला होता आणि वाकडाच सांधला होता. मादामला याचा पत्ता नव्हता. लागला असता तर फिलोमेनचं बोचकं त्याच दिवशी रस्त्यावर. घोट्याला गुंडाळायचं फडकं इतर कपड्यांच्या पोटात दडवून ती रोज सेलेस्तकडे धुवायला द्यायची. आजही ते घट्ट गुंडाळून घेतलं तिनं. ओठ दाबून.

“आज जरा जास्तच बोलतोय मेला,” ती पायाकडं बघत म्हणाली.

सेलेस्तनं ऐकलं. पण तिचं लक्ष बोटांकडं होतं. ती कोमट पाण्यात बोटं शेकत होती.

दिवे लागले. माणसं आली. सेलेस्त आडोशामागं जाऊन बसली. समोर भिंत, पाठीशी लाकूड, आणि लाकडापलीकडं हसणं, पेले, रेशमाची सळसळ. तिथून दिसत काहीच नव्हतं. ऐकू मात्र सगळं यायचं.

घरचा नियम असा होता, की पियानो चालू आहे तोवर कुठल्याही बाईनं बसायचं नाही. गिऱ्हाईक नाचवेल तसं नाचायचं. पियानो थांबला की टेकायचं.

सेलेस्तनं सुरुवात केली. चाल अशी निघाली, जशी धुतलेली चादर दोरीवर पडावी. एक सुरकुती नाही. आडोशापलीकडं कुणीतरी वाहवा म्हणालं. तिच्या मनात आलं, ऐका म्हणावं म्हाताऱ्याला.

पावलं पडत होती. पुरुषांचे जड बूट, बायकांच्या टाचा. त्यातच एक पाऊल मागं राहत होतं. घासत होतं.

पहिल्याच फेरीत.

तिला ते ऐकू आलं. ते कुणाचं पाऊल, तेही कळलं. ते फडकं ती रोज धूत होती, तिला नाही कळणार तर कुणाला? पण लंगडीची जागा अजून लांब होती. लंगडी दुसऱ्या फेरीला, वळणावर. सेलेस्त सरळ वाजवत राहिली. वळण आलं, तिनं लंगडी घेतली. हुबेहूब.

तेवढ्यात काहीतरी धाडकन पडलं.

पेला फुटला. कुणी पुरुष मोठ्यानं हसला. सेलेस्त आडोशाबाहेर धावली. फिलोमेन जमिनीवर होती. मादाम तिकडून येत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर वादळ होतं.

“टाच निसटली बुटाची,” फिलोमेन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. हसत म्हणाली. सेलेस्तनं तिच्या काखेत हात घातला, तेव्हा त्या हसण्याखाली ती थरथरत होती. मग तिनं सेलेस्तच्या कानाशी तोंड आणलं.

“तू त्याची लंगडी वाजवलीस, बाई… माझा पाय नाही वाजवलास.”

सेलेस्तनं तिला खुर्चीवर बसवलं.

आता सेलेस्तला सगळं लख्ख दिसलं. रोज दुसऱ्या फेरीच्या वळणावर फिलोमेनचा घोटा धरत होता. आडोशामागून म्हातारा तो ऐकत होता. ती जिथं लंगडेल तिथं तो पियानो लंगडवत होता. म्हणून फिलोमेनचं लंगडणं कुणाला कधी लंगडणं वाटलंच नाही. लोकांना वाटायचं, ही नव्या तऱ्हेचा नाच नाचते. आणि शहरभरचे प्रोफेसर एका बाईचं दुखणं कला म्हणून पाठ करत बसले होते. सेलेस्तसुद्धा त्यातलीच.

मादामनं फुटक्या काचांकडं बघितलं, मग सेलेस्तकडं. पियानोनंच पोरीचा पाय अडकवला असं तिचं म्हणणं पडलं. आणखी एक चाल वाजव, ती म्हणाली. माणसं बसलीत म्हणून. त्यानंतर काय ते आर्सेनच्या तोंडून ऐकू, आणि उद्या तुझी जागा कुठं ते ठरवू.

सेलेस्त स्वयंपाकघरात गेली. आर्सेन चुलीपाशी स्टुलावर बसला होता. नीना त्याच्या मांडीवर. तिच्या हातात लाकडी चमचा होता आणि त्या चमच्यानं ती म्हाताऱ्याचा गुडघा मन लावून बडवत होती.

“ती पडली,” सेलेस्त म्हणाली.

“ऐकलं.”

“तुम्हाला ठाऊक होतं. मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं… तर तू अजून एक लंगडी पाठ केली असतीस.”

रडायला तिला कुणाची हरकत नव्हती, पण आत्ता ते परवडणारं नव्हतं. तिनं नीनाकडं बघितलं. मग हात पुसले. वास्तविक कोरडेच होते, तरी पुसले.

“मी परत बसतेय.”

नीनाचा चमचा खाली पडला होता, तो उचलून आर्सेननं तिच्या हातात दिला.

आडोशामागं सेलेस्त बसली. हात पट्ट्यांवर ठेवले. पण वाजवेना.

पलीकडं कुजबुज सुरू झाली. झोपली काय तुमची प्रोफेसर, असं एक जण म्हणाला. पोरी हसल्या. मादामच्या पंख्याची फडफड वाढली. सेलेस्त तशीच बसून राहिली. आजवर तिनं त्या आडोशाच्या आतलं वाजवणं ऐकलं होतं. आता ती बाहेरचं ऐकत होती.

खुर्ची सरकली. फिलोमेन उठली. उठावंच लागणार होतं तिला. एक पाऊल टाकलं. दुसरं घासत आलं.

त्या घासण्याबरोबर सेलेस्तनं खालची एक पट्टी दाबली. एकच.

पाऊल थबकलं… मग परत पडलं. तिनं परत दाबली. घासणाऱ्या पावलाखाली खालचा जाड सूर, आणि चांगल्या पावलाला वरचा, चिमणीसारखा. पाय रेंगाळला की ती रेंगाळली. पाय चाचपडला की तिनं हात धरल्यासारखे सूर पुढं केले. आर्सेनची चाल त्यात कुठं नव्हती. लंगडीसुद्धा नव्हती. किंवा असं म्हणा, सगळीच लंगडी होती, आणि म्हणून लंगडं काहीच उरलं नव्हतं.

हळूहळू फिलोमेनची पावलं धीट झाली. तिला पडू द्यायचं नाही असं कुणीतरी खालून धरून आहे, हे पायाला कळलं असावं. तिनं गिरकी घेतली. दुसऱ्या पोरींच्या टाचा तिच्यामागून तशाच पडू लागल्या. जड बूटही आले. कुणी टेबलावर ताल धरला. सेलेस्त तो टेबलही वाजवू लागली. कुणी खोकलं, तेही त्यात आलं. तिला घाम फुटला होता, केस तोंडावर आले होते, आणि ती भिंतीकडं तोंड करून अख्खी खोली बघत होती.

फिलोमेनला लागलेली धाप तिनं ऐकली, आणि तिथं थांबली. फिलोमेन टेकली.

सगळेच एकदम बोलू लागले.

मादाम तरातरा स्वयंपाकघराकडे गेली आणि आर्सेनला घेऊन आली. नीना त्याच्या खांद्यावर होती. हे तुझं वाजवणं नव्हे, मादाम म्हणत होती. माझ्या घरात असलं काही कधी वाजलेलं नाही. त्या तिकडच्या साहेबाला ते परत हवंय, उद्या मित्रांना घेऊन येणार म्हणतोय. हे काय आहे, आणि हिला ते येतं की नुसतं लागून गेलं, ते तू सांग. खुर्ची द्यायची की नाही ते आत्ताच्या आत्ता बोल.

आर्सेन आडोशामागं आला. सेलेस्त उठू लागली. त्यानं हातानंच बस म्हटलं.

“मघाचं परत वाजव.”

सेलेस्तनं पट्ट्यांवर हात ठेवले.

काहीच आलं नाही.

तिनं डोळे मिटले. पहिला सूर खालचा होता… की वरचा? नंतर काय होतं? तिनं एक पट्टी दाबली. ती नव्हे. दुसरी दाबली. तीही नव्हे. धुण्याच्या फळीवर पाठ केलेली आर्सेनची प्रत्येक चाल बोटांत जिवंत होती, आणि हे तेवढं हात धुतल्यासारखं निघून गेलेलं.

आडोशाच्या कडेला मादाम उभी होती. मादामला चालीतलं काय कळतंय? आर्सेनचीच एखादी जुनी चाल जरा वाकडी करून वाजवली असती, तर तिनं मान डोलावली असती. तेवढ्यावर खुर्ची मिळाली असती. नीना म्हाताऱ्याच्या खांद्यावरून आईकडं बघत होती.

सेलेस्तनं हात पट्ट्यांवरून काढून घेतले.

“नाही येत.”

“थोडं तरी?”

“एक सूरही आठवत नाही, प्रोफेसर. खोटं कशाला बोलू? उद्या बसवलंत तर उद्याचं बघेन. पण मघाचं गेलं ते गेलं.”

मादामनं खांदे उडवले. मागं वळून ती कुणाला तरी हाक मारणार होती.

आर्सेननं नीनाला आईच्या मांडीवर ठेवलं. त्याला वेळ लागला, सुजलेल्या बोटांतून तिची मूठ सुटेना.

“मादाम,” तो म्हणाला, “खुर्ची हिची.”